पिवळी इमारत, भिंतीवर हत्ती

चहा येईपर्यंत सांगून टाकतो, पण एका अटीवर. मेघा, म्हणजे माझी सून, ऑफिसातून आली की विषय बदलायचा. तिला हा किस्सा आवडत नाही असं नाही. पण ती मध्येमध्ये दुरुस्त्या करते, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर मी आणखी थोडा मूर्ख ठरतो.

तर मी मूळचा वर्ध्याचा. बसस्टँडवर कंट्रोलर होतो. म्हणजे काय, तर खिडकीत बसायचं आणि प्रत्येक माणसाला त्याच्या त्याच्या गाडीत बसवायचं. आर्वीचा माणूस हिंगणघाटच्या गाडीत चढला, असं माझ्या नोकरीत कधी झालं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल हा माणूस जन्मापासूनच असा असावा. तसं नाही. पुण्यात आल्यावर असा झालो.

आमचा संदीप आणि मेघा, दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांनी पुण्याच्या कडेला, मांजरी गावात फ्लॅट घेतला. तेव्हाची मांजरी म्हणजे रस्त्याच्या एका बाजूला ऊस तोडतायत आणि दुसऱ्या बाजूला स्लॅब टाकतायत. फ्लॅट ताब्यात आला आणि कंपनीने संदीपला वर्षभरासाठी अमेरिकेत पाठवलं. मेघाची कंपनीची बस सकाळी लवकर यायची. आमची ही आधीच मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेलेली. मग राहिलं कोण? मी. दिवाळी झाली आणि मी पिशवी घेऊन पुण्यात हजर झालो, नात सांभाळायला.

नात, रेवा. साडेतीन वर्षांची. दिसायला गोड, पण बोलायची नाही. घरात थोडंफार, बाहेर तर अक्षर नाही. कोणी नाव विचारलं की माझ्या पायामागे जायची आणि धोतरात तोंड लपवायची. मी पायजमा घालायला लागलो तेव्हा तिची फार गैरसोय झाली.

मेघाने तिच्यासाठी एक प्ले स्कूल ठरवलं होतं. नाव सांगत नाही. इंग्रजी होतं, त्यात फुलंही होती आणि तारेही होते. तिथे मुलांची मुलाखत घ्यायचे. रेवाने मुलाखतभर टेबलाच्या पायाकडे बघितलं. तरी घेतलं त्यांनी, पण संचालिकाबाई म्हणाल्या, "शी नीड्स वर्क." त्या रात्री मेघा जेवली नाही. मला म्हणाली, "बाबा, ही अशीच राहिली तर मी नोकरी सोडेन." मस्करी नव्हती ती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. म्हणून सांगतो, ही शाळा म्हणजे आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती.

पहिल्या दिवशी सोडायला मेघाच जाणार होती. पण आदल्या संध्याकाळी तिच्या ऑफिसात काहीतरी बंद पडलं. ते बंद पडलेलं चालू करायला तिला जावंच लागणार होतं. बूट घालता घालता तिने मला पत्ता सांगितला.

"बाबा, गेटमधून डावीकडे. ऊस संपला की पिवळी इमारत दिसेल. भिंतीवर हत्ती काढलाय. चुकणारच नाही."

मी म्हटलं, "बाप्पा, मला पत्ता सांगून राहिली काय तू?"

गेलो. रेवाच्या अंगावर शाळेने दिलेला निळा टी-शर्ट, पाठीला दप्तर, बोट माझ्या हातात. ऊस संपला. पिवळी इमारत आली. भिंतीवर हत्ती. नुकताच काढलेला, रंगाचा वास येत होता. पाटी कुठे दिसली नाही, पण हत्ती असताना पाटी कशाला हवी?

दारात एक बाई उभ्या होत्या. पदर खोचलेला, चेहरा हसरा. मी रेवाला पुढे केलं आणि खिडकीतून गाडीची घोषणा करायचो त्या आवाजात म्हणालो, "ही रेवा. आजपासून येणार. बाकी सगळं बोलणं झालेलं आहे."

त्या बाईंनी टी-शर्टाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "या की. ये गं बाई. मी सुरेखाताई."

रेवा पायामागे गेली. सुरेखाताईंनी तिला ओढलं नाही, काही नाही. तिच्यासमोर चिंचोक्यांची एक वाटी ठेवली आणि स्वतः दुसरीकडे बघत बसल्या. थोड्या वेळाने माझ्या पायजम्याला हलकं वाटायला लागलं. खाली बघतो तर पोट्टी चिंचोके मोजत बसली होती. म्हणजे मोजत नव्हती, पण बसली तर होती.

परत आलो ते शाळेवर खूश होऊनच. तसा खूशच राहिलो. तुम्हीच सांगा, एखादी शाळा मुलांना दुपारी गरम खिचडी देते, मधूनमधून वजन करते, सुटल्यावर "आजोबा, आज हिने दोनदा मागून खाल्लं" असं दारात येऊन सांगते, तर माणूस खूश होणार नाही? मी मेघाला म्हटलं, "तुमच्या शाळेची फी जास्त आहे असं मला वाटलं होतं. पण नाही, चीज करतात पैशाचं."

मेघाला थोडं आश्चर्य वाटायचं. रेवा घरी येऊन "ताई, ताई" करायची.

"बाबा, टीचर नाही म्हणत का तिथे?"

"शाळेचं धोरण असेल."

"आणि खाली बसवतात?"

"सतरंजी असते. स्वच्छ."

मेघा इंटरनेटवर वाचणारी. तिने दोन दिवस वाचलं आणि सगळं जुळवून आणलं. मुलांना जमिनीवर बसवणं, लहान-मोठी मुलं एकत्र ठेवणं, प्लास्टिकची खेळणी न देता चिंचोके, पानं, धान्याची टोपली असं नैसर्गिक साहित्य देणं, ही म्हणे परदेशातली सगळ्यात नवी पद्धत. ऑफिसात तिने सगळ्यांना सांगितलं. तिच्या दोन मैत्रिणी त्या प्ले स्कूलमध्ये चौकशीही करून आल्या. तिथे प्लास्टिकची घसरगुंडी बघून त्या म्हणे गोंधळल्या, पण मेघाने त्यांना समजावलं की ती वरवरची आहे.

आता माझं काय चाललं होतं, ते ऐका. मला एकच गोष्ट खटकायची. निळा टी-शर्ट फक्त आमच्या रेवाच्या अंगावर. बाकीची मुलं आपापल्या कपड्यांत. एकदा आयांची बैठक होती, मेघाला सुट्टी नव्हती, म्हणून मी गेलो. सगळ्या बायका, मध्ये मी एकटा. आहाराबद्दल बोलणं झालं. मग मी उठून उभा राहिलो.

"बायांनो, राग मानू नका," मी म्हटलं, "पण एवढी फी भरता आणि मुलांना गणवेश घालत नाही, हे बरं दिसत नाही."

एक बाई दुसरीला म्हणाली, "फी? कसली फी गं?"

दुसरी म्हणाली, "मला तर कोन बोललं न्हाई."

मी सुरेखाताईंकडे बघितलं. त्या एकदम खोकायला लागल्या आणि पाणी प्यायला आत गेल्या. मला वाटलं, गरिबांना फी माफ करत असतील आणि चारचौघांत बोलायला नको म्हणून ताई अवघडल्या. माझ्या मनात त्या शाळेबद्दलचा आदर दुप्पट झाला.

मग एक दिवस फोन आला. घरच्या फोनवर, दुपारी. कोणी तरुण मुलगी होती. तिने सुरुवातीला शाळेचं नाव घेतलं असावं, पण इतक्या झरझर इंग्रजीत की शेवटचं 'स्कूल' तेवढं मला कळलं.

"सर, रेवा स्कूलला येत नाहीये, म्हणून कॉल केला."

"रेवा? ती तर रोज शाळेत जाते."

"नाही सर, आमच्याकडे नाही येत."

"तुमच्याकडे कशी येईल? ती तिच्या शाळेत जाते."

"पण सर, ॲडमिशन आमच्याकडे आहे ना?"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्या मजल्यावर आपटे राहायचे, नारायण पेठेतून आलेले, निवृत्त. त्यांनी मला आधीच सावध केलं होतं, की पुण्यात शाळा एकमेकींची मुलं पळवतात, फोन करकरून भंडावतात. हा तोच फोन, असं मी ओळखलं.

"बाई, हे बघा," मी म्हटलं, "आमची पोट्टी जिथं आहे तिथं खूश आहे. तुम्ही कितीही गोड बोला, आम्ही शाळा बदलणार नाही."

"म्हणजे दुसऱ्या स्कूलला घातलं का, सर?"

"दुसऱ्या काहून? पहिल्याच."

ती म्हणाली, "ओके सर. पण फी रिफंड होणार नाही."

"मागितली कोणी?" मी म्हटलं आणि फोन ठेवला. संध्याकाळी आपट्यांना सांगितलं तर त्यांनी मान डोलावली. "शाब्बास. तुम्ही पुणेकर होत चाललात."

इकडे रेवा बोलायला लागली होती. आधी एकेक शब्द, मग वाक्यं, मग हुकूम. "आजोबा, रांगेत चला." "आजोबा, हात धुतले का?" अमेरिकेतून संदीपचा फोन आला की त्याला गाणं म्हणायला लावायची आणि चुकलं तर परत म्हणवून घ्यायची. मेघा एकदा स्वयंपाकघरात नुसती उभी राहून ऐकत होती. पोळी करपली, तरी ती हलली नाही. नोकरी सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आणि मग सव्वीस जानेवारी आली. सोसायटीत झेंडावंदन, त्यानंतर लहान मुलांचे कार्यक्रम. पाहुण्या कोण, तर त्या प्ले स्कूलच्या संचालिकाबाई. बक्षिसं त्यांच्याच शाळेकडून होती. मेघाने त्यांना नमस्कार केला, "मी रेवाची आई." त्यांनी असं हसून बघितलं, जसं मोठी माणसं नाव न आठवलेल्या ओळखीच्या माणसाकडे बघतात.

पाच-सहा मुलं स्टेजवर इंग्रजी कविता म्हणणार होती, त्यात आपट्यांचा नातूही होता. पडदा सरकला. समोर एवढी माणसं बघून मुलं थिजली. एक रडायला लागला. त्याचं बघून दुसरी. खालून आया "बोल ना, बोल ना" करतायत, त्याने रडणं आणखी वाढतंय. आपट्यांचा नातू तर पडद्याची दोरी धरून उभा, सोडायलाच तयार नाही.

रेवाचा नंबर नंतर होता. पण ती माझ्या शेजारून उठली आणि चालत स्टेजवर गेली. मी धरायला हात पुढे केला तोवर ती वर पोचलीसुद्धा. रडणाऱ्या मुलासमोर उभी राहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "रडू नको. तू ट्रॉली हो. मी ट्रॅक्टर."

हा त्यांचा शाळेतला खेळ होता. आमच्याकडे ऊस वाहणारे ट्रॅक्टर दिवसभर जायचे ना, त्यावर सुरेखाताईंनीच रचलेला. रेवाने दोन्ही हातांनी चाक धरल्यासारखं केलं आणि सुरू झाली, "ट्रॅक्टर निघाला, ऊस घेऊन निघाला, मागे कोण लागणार, हात वर करा." त्या मुलाने नाक पुसत तिचा फ्रॉक मागून धरला. मग दुसरीने त्याला धरलं. एकेक करत सगळी ट्रॉली झाली. आपट्यांच्या नातवाने शेवटी दोरी सोडली. हा ट्रॅक्टर स्टेजवरून खाली उतरला, खुर्च्यांमधून फिरला, वळणावर सगळ्यांनी मिळून हॉर्न दिला, चढावर सगळ्यांनी मिळून दम टाकला. शेवटी मोठी माणसंही मागे लागली. आपटे पण. पुणेरी टोपी सांभाळत.

मी बसस्टँडवर खूप गाड्या सोडल्या. पण अशी भरलेली गाडी सुटताना कधी बघितली नाही. मेघाकडे बघितलं तर ती रडतही होती आणि टाळ्याही वाजवत होती.

संचालिकाबाईंनी माईकवर विचारलं, "व्हॉट अ कॉन्फिडंट चाइल्ड. कोणत्या स्कूलमध्ये आहे ही?"

मेघा अभिमानाने म्हणाली, "मॅडम, तुमच्याच."

बाईंनी रेवाकडे परत एकदा निरखून बघितलं. पण मुरलेल्या होत्या. लगेच सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "पाहिलंत? हा आमच्या पद्धतीचा रिझल्ट." आणि टाळ्या पडत असतानाच त्यांनी मला वर बोलावलं. पालक म्हणून दोन शब्द.

माझ्या हातात माईक आला, म्हणजे मी काही लवकर सोडत नाही. जुनी सवय.

"या शाळेचे उपकार मी विसरणार नाही," मी सुरुवात केली. "इथं मुलांना चिंचोक्यांवर मोजायला शिकवतात. दुपारी गरम खिचडी देतात."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"मुलांचं वजन करतात. डोस पाजायला नर्सबाई शाळेतच येते. गरिबांची मुलं फी न घेता शिकवतात आणि त्याचा गाजावाजा करत नाहीत."

बाई माझ्या कानाशी आल्या. "काका, आम्ही खिचडी नाही देत."

मी माईक बाजूला न करताच म्हटलं, "असं कसं, मॅडम? सुरेखाताई स्वतः वाढतात."

"आमच्याकडे सुरेखाताई कोणी नाहीत."

हे पण माईकवर गेलं. मला त्यांची दया आली. मी लोकांना समजावून सांगितलं, "मोठी संस्था आहे. प्रत्येकाचं नाव कसं लक्षात राहणार?"

तेवढ्यात मागून आमचा वॉचमन महादू, ज्याचा मुलगा रेवाच्या शेजारी बसायचा, तो हात वर करून म्हणाला, "आजोबा, ती शाळा यांची न्हाई. ती आपली सरकारी अंगणवाडी हाय. यांची पुढं, पाण्याच्या टाकीच्या पल्याड."

"हत्ती?" मी विचारलं. माझ्या तोंडून तेवढंच निघालं.

"हत्ती दोन्हीकडं हाय. अंगणवाडीचा दिवाळीत काढला, कंपनीतली पोरं आली व्हती रंगवायला. पाटी उतरवली ती अजून लावली न्हाई."

मग आपट्यांचा आवाज आला, अगदी शांत.

"म्हणजे फी इकडे आणि मुलगी तिकडे. उत्तम नियोजन."

त्यानंतर जे हसणं सुरू झालं, ते मी इथे सांगत बसत नाही. संचालिकाबाई बक्षिसं न वाटताच निघाल्या. मी माईक ठेवला आणि घरी गेलो.

मेघा घरी आली ती माझ्याकडे न बघता चपला काढून आत गेली. हे जास्त वाईट. ओरडली असती तर मीही काहीतरी बोललो असतो. तिने रेवाला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "उद्या कुठल्या शाळेत जायचं?"

रेवाने तिच्याकडे असं बघितलं, जसं प्रश्नच कळला नाही. "माझ्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मेघाने सुट्टी टाकली आणि ती स्वतः अंगणवाडीत गेली. मी मागे मागे. सुरेखाताईंच्या कानावर सगळं गेलेलंच होतं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना वाटलं, आता नेणार मुलीला.

मेघाने विचारलं, "ताई, तिचा टी-शर्ट बघून तुम्हाला कळलं नाही?"

सुरेखाताई म्हणाल्या, "कळलं की पयल्याच दिवशी. पण आजोबांनी इतक्या रुबाबात पोरगी दिली, म्हणलं कशाला बोला. आन खरं सांगू का मॅडम, पोरं कमी झाली तर ही अंगणवाडी बंद करून लांबच्या वस्तीला जोडणार म्हणत व्हते. मला एक एक पोर पायजे व्हतं."

मेघा सतरंजीवर बसली. बराच वेळ बसली. रेवा एका नवीन मुलाला चिंचोके मोजायला शिकवत होती, म्हणजे दरडावत होती. निघताना मेघाने सुरेखाताईंचा हात हातात घेतला आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, "बाबा, उद्यापासून घरून डबा देऊ नका. ती तिथलंच खाते."

त्याच संध्याकाळी आपटे दारात आले. "आमच्या नातूसाहेबांना चार ओळी म्हणता आल्या नाहीत, ते आपण पाहिलंच. त्या सुरेखाताईंकडे जागा आहे का, विचारून ठेवा. आणि पत्ता मला त्या वॉचमनकडून कळेल, आपण तसदी घेऊ नका."

जूनमध्ये आमच्या सोसायटीतली निम्मी पिल्लं अंगणवाडीत. बंद करायचं बोलणं बंद झालं. नळ आला, शेजारी आणखी एक खोली झाली, दुसरी मदतनीस आली. पुढे तीच मुलं लागूनच असलेल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला गेली. जी पहिली रिकाम्या बाकांनी भरलेली असायची, तिथे बसायला जागा पुरेना. तालुक्याची पाहणी झाली, मुलांकडून वाचून घेतलं, गणितं घातली. आमची पहिली सगळ्यात पुढे. रेवाने तर पाहणीला आलेल्या साहेबांनाच एक गणित घातलं.

मग शाळेत सत्कार ठेवला. तालुक्याच्या बालविकास अधिकारी मॅडम आल्या. सुरेखाताईंना साडी-चोळी, मुख्याध्यापकांना शाल, आणि मला पण शाल. मेघा पहिल्या रांगेत. शेजारी संदीप, अमेरिकेतून केव्हाच परत आलेला. आपटे त्यांच्या मागे, हाताची घडी घालून.

अधिकारी मॅडम फार छान बोलल्या. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. म्हणाल्या, "आज सुशिक्षित, नोकरदार घरांतले लोक सरकारी शाळेकडे पाठ फिरवतात. अशा काळात या आजोबांनी दूरदृष्टी दाखवली. खाजगी शाळा शेजारी असताना, संपूर्ण विचार करून, आपल्या नातीला अंगणवाडीत घातलं. आजोबा, हा निर्णय तुम्ही कसा घेतला, ते आपल्या शब्दांत सांगा."

माईक हातात आला. खांद्यावर शाल. समोर एवढी माणसं. मनात आलं, बोलावं काहीतरी दूरदृष्टीचं. पण मेघा माझ्याकडे बघत होती. ओठ घट्ट दाबून, हसू न येऊ देता.

मी म्हटलं, "मॅडम, मी विचार केला असता ना, तर पोट्टी त्या दुसऱ्या शाळेतच गेली असती."